डाग, डागिना आणि डागडुजी : चांदी-तांब्याच्या हस्तनिर्मित अलंकारांच्या समीक्षेचे निकष
(विशेष संदर्भ : पुणे शहर)

गोषवारा

अलंकारांविषयीचे मराठी लेखन बहुतांशी दागिन्यांची नावे, त्यांचे आकार आणि ते परिधान करणाऱ्या स्त्रीचे सौंदर्य यांभोवती फिरते. दागिना कसा घडतो, वापरात तो कसा टिकतो आणि मोडल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतात. प्रस्तुत निबंधात चांदी व तांबे या दोन धातूंच्या हस्तनिर्मित अलंकारांचा विचार घडण, निगा आणि डागडुजी या तीन अंगांनी केला आहे. डागडुजीची शक्यता हा हस्तनिर्मित अलंकाराच्या मूल्यमापनाचा एक प्रमुख निकष मानला पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. प्रास्ताविक

मराठी भाषेत 'डाग' हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो. वस्त्रावर किंवा धातूवर पडलेला कलंक म्हणजे डाग. फुटलेल्या भांड्याला किंवा तुटलेल्या दागिन्याला धातू वितळवून दिलेला सांधा म्हणजेही डाग. आणि अंगावर घालावयाचा अलंकार म्हणजेही डाग. 'डागडागिने' या जोडशब्दात तो आजही टिकून आहे. याच्याच शेजारी 'डागडुजी' हा शब्द उभा आहे. या शब्दांची व्युत्पत्ती एकच आहे किंवा नाही, हा भाषाशास्त्राचा प्रश्न होय आणि तो येथे सोडवावयाचा नाही. तथापि व्यवहारात हे सर्व अर्थ एकाच वस्तूपाशी एकत्र येतात, ही गोष्ट लक्षणीय आहे. चांदीचा दागिना घडविताना त्याला डाग द्यावा लागतो, वापरताना त्यावर डाग पडतो, आणि तो तुटल्यावर पुन्हा डाग देऊनच वापरात आणावा लागतो. दागिन्याचे संपूर्ण आयुष्य जणू या एका शब्दाच्या अर्थच्छटांत सामावले आहे.

अलंकारविषयक लेखनात मात्र या आयुष्याचा एकच क्षण निवडला जातो. तो क्षण म्हणजे दागिना नवा, चकचकीत व पूर्ण असतो तेव्हाचा. वाक्या, गोठ, तोरड्या, वाळे, जोडवी, मासोळ्या, कमरपट्टा अशी नामावळी द्यावयाची, प्रत्येकाचे वर्णन करावयाचे आणि परंपरेच्या वैभवाविषयी एखादे गौरवपर विधान करून थांबावयाचे, अशी या लेखनाची एक ठरलेली रीत झालेली दिसते. ही नामावळी निरुपयोगी आहे असे नाही. ती नसती तर अनेक नावे आज विस्मरणात गेली असती. परंतु नामावळी म्हणजे समीक्षा नव्हे. समीक्षेला निकष लागतात, आणि ते वस्तूच्या स्वरूपातूनच शोधावे लागतात.

सोन्याऐवजी चांदी व तांबे या धातूंची निवड येथे हेतुतः केली आहे. सोने सहसा काळवंडत नाही, म्हणून त्याच्या निगेचा प्रश्न सौम्य असतो. शिवाय त्याची किंमत इतकी अधिक असते की त्यापुढे कारागिराच्या श्रमाचे मोल झाकले जाते. चांदी व तांबे यांच्या बाबतीत हवा, घाम आणि हाताळणी यांचा परिणाम धातूवर प्रत्यक्ष दिसतो. तांब्याच्या दागिन्यात तर धातूपेक्षा मजुरीचाच वाटा मोठा असतो. म्हणून श्रम आणि वस्तू यांचा संबंध या दोन धातूंत अधिक स्पष्टपणे तपासता येतो.

२. नोंदींमधील विभागणी

पुण्यातील धातुकामाची एक महत्त्वाची जुनी नोंद म्हणजे जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर. त्यात जिल्ह्यातील उद्योगधंद्यांच्या वर्णनात तांब्या-पितळेची भांडी, सोन्या-चांदीची जर इत्यादी कामांची दखल घेतलेली आहे. लोकसंख्येच्या प्रकरणात निरनिराळ्या जातींच्या पोशाखाबरोबर त्यांच्या दागिन्यांचीही नोंद येते. म्हणजे घडविणारा एका प्रकरणात आणि लेणारी दुसऱ्या प्रकरणात, अशी ही विभागणी आहे. महसुली प्रशासनाच्या दृष्टीने ती सोयीची होती, कारण पहिल्या प्रकरणातून उद्योगाची आणि दुसऱ्यातून समाजाच्या ऐपतीची कल्पना येत असे. परंतु या दोहोंना जोडणारा दुवा, म्हणजे वर्षानुवर्षे चालणारा निगेचा आणि दुरुस्तीचा व्यवहार, कोणत्याच प्रकरणात नेमका बसत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावातील कारू-नारूंची कामे आणि त्यांचे हक्क यांचा हिशेब मांडणारा हा ग्रंथ मराठीतील समाजचिंतनाचा मानदंड मानला जातो. गावरहाटीत सोनाराकडे दागिने घडविण्याबरोबरच नाणे पारखण्याचे, म्हणजे पोतदारीचे, काम असे. आत्र्यांची दृष्टी हक्क आणि कर्तव्य यांच्या ताळेबंदाची आहे. बलुत्याच्या व्यवस्थेतील दोषांवर त्यांनी कठोर बोट ठेवले आहे. ही दृष्टी कारागिरीचे भाबडे गौरवीकरण टाळते, हा तिचा मोठा गुण होय. मात्र त्या ताळेबंदात धातूवर होणारी प्रत्यक्ष क्रिया हा विचाराचा विषय होत नाही.

याच सुमारास भारतीय कारागिरीकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी इंग्रजी लेखनात आकार घेत होती. जॉर्ज बर्डवुड यांचा भारतातील औद्योगिक कलांवरील ग्रंथ १८८० चा आणि आनंद कुमारस्वामी यांचा भारतीय कारागिरावरील ग्रंथ १९०९ चा. या परंपरेने कारागिराला प्रतिष्ठा मिळवून दिली, परंतु त्याचबरोबर त्याला काळाच्या बाहेर नेऊन बसविले. ग्रामीण व्यवस्थेचा शांत, समाधानी आणि अपरिवर्तनीय घटक अशी त्याची प्रतिमा निर्माण झाली. आत्र्यांचा कठोर हिशेब आणि कुमारस्वामींचा गौरव ही परस्परविरुद्ध टोके असली, तरी एका बाबतीत ती सारखी आहेत. दोहोंमध्ये दागिना घरात गेल्यानंतर त्याचे काय होते, हा प्रश्न गौण राहतो.

३. घडण : धातूचा स्वभाव आणि हाताचे काम

शुद्ध चांदी मऊ असते. तिचे पैंजण किंवा कडे केले तर रोजच्या वापरात त्यांचा आकार टिकत नाही. म्हणून तीत तांबे मिसळावे लागते. आज '९२५' या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या चांदीत हजारात ९२५ भाग चांदी असते आणि उरलेले ७५ भाग सामान्यतः तांब्याचे असतात. म्हणजे चांदीचा दागिना हा बहुधा चांदी-तांब्याचाच दागिना असतो. या दोन धातूंचे नाते मोठे विलक्षण आहे. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला आणि तांबे सुमारे १०८५ अंशांना वितळते. परंतु सुमारे ७२ भाग चांदी व २८ भाग तांबे यांचे मिश्रण मात्र सुमारे ७८० अंशांनाच वितळते. दोन धातू एकत्र आले की ते दोहोंपेक्षा लवकर पातळ होतात. डाग देण्याची विद्या या गुणधर्मावर आधारलेली आहे. डागाच्या मिश्रणात जस्त मिसळून त्याचा वितळबिंदू आणखी खाली आणतात. त्यामुळे दागिना न वितळता केवळ सांध्यावरचा डाग वितळतो. सांध्याला टाकणखार लावलेला असतो, तो तापलेल्या धातूचा हवेशी संबंध तोडतो आणि डाग सांध्यात सहज पसरू देतो.

हातोडीखाली चांदी आणि तांबे दोन्ही कठीण होत जातात. ठोके वाढले की पत्र्याची लवचीकता संपते आणि पुढचा घाव त्याला तडा पाडतो. म्हणून मधूनमधून धातूला ताव देऊन पुन्हा मऊ करावे लागते. घाव आणि ताव यांची ही आलटापालट केव्हा करावयाची, हे कारागीर धातूच्या आवाजावरून, रंगावरून आणि हाताला येणाऱ्या प्रतिसादावरून ठरवितो. त्याचे कौशल्य ठोके मारण्याइतकेच ठोके थांबविण्यातही असते.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत या विद्येचे एक खास रूप आढळते. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांनी येथे हंडे, घंगाळी, बंब, तपेली अशी भांडी घडविली. तांबट नावाच्या पक्ष्याला ते नाव त्याच्या ठोक्यासारख्या आवाजावरून मिळाले, इतका या कामाचा नाद मराठी कानाच्या परिचयाचा आहे. तयार आकारावर विशिष्ट तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक, किंचित एकमेकांवर चढणारे ठोके उमटविण्याच्या कामास 'मठारकाम' म्हणतात. या ठोक्यांमुळे पृष्ठभागावर आरशासारखे चमकणारे लहान लहान पैलू पडतात. पाहणाऱ्याला ही नक्षी वाटते. वस्तुतः ती रचना आहे. शेवटच्या ठोक्यांनी पत्रा दबतो, कठीण होतो आणि पातळ असूनही आकार धरून ठेवतो. मठारकामाचे सौंदर्य हे बळकटीचे दृश्य रूप होय. अलंकारशास्त्रात शोभा ही काव्याच्या देहावर बाहेरून चढविलेली वस्तू की त्याच्या स्वरूपातच असलेली, असा वाद पूर्वीपासून चालत आला आहे. मठारलेल्या तांब्यापुरते तरी त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे.

४. निगा : कलंकाचे दोन अर्थ

चांदी काळी पडते याचे कारण हवेतील गंधकाची संयुगे होत. चांदी आणि गंधक यांच्या संयोगाने सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. तो प्रथम पिवळसर, मग तपकिरी आणि अखेरीस काळा दिसतो. अंडी, लोकर, रबर यांच्या सान्निध्यात ही क्रिया जलद होते. तांब्यावर प्रथम लालसर-तपकिरी ऑक्साइडचा थर चढतो; दमट हवेत पुढे हिरवट थर येतो. घाम व तांबे यांच्या संयोगाने होणारे क्षार त्वचेला हिरवी झाक देतात. त्याविषयी अनेकदा भीती व्यक्त केली जाते, परंतु हा डाग धुतल्यावर जातो. तांब्याच्या कड्याने संधिवात बरा होतो ही समजूत मात्र तपासणीत टिकलेली नाही. यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७० रुग्णांवरील चाचणीत अशा कड्यांचा मनाच्या समजुतीपलीकडे परिणाम आढळला नाही.

मराठी घरांतील निगेची साधने सर्वांच्या परिचयाची आहेत. तांब्याला चिंच किंवा लिंबू, चांदीला रिठ्याचे पाणी, दोहोंना कधी राख तर कधी रांगोळी. या साधनांकडे केवळ आजीबाईचा बटवा म्हणून पाहणे योग्य नाही, तसेच त्यांचा सरसकट गौरव करणेही योग्य नाही. चिंचेतील आम्ल तांब्यावरील ऑक्साइड विरघळविते, परंतु आम्ल तसेच राहू दिले तर तांबे पुन्हा लवकर डागाळते. म्हणून स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करणे हा त्या क्रियेचाच अर्धा भाग होय. रिठ्याचा फेस सौम्य असतो. तो घाम आणि तेलकटपणा काढतो, धातूला घासत नाही. रांगोळी व दात घासण्याची पेस्ट यांचे काम निराळे आहे. त्यांतील कण धातूचा थर खरवडतात. काळ्या थरात चांदीच असते, त्यामुळे प्रत्येक घासणीबरोबर थोडी चांदी जाते आणि नक्षीची धारही बोथट होते. मठारलेल्या पृष्ठभागावर हाच प्रयोग केला तर पैलूंच्या कडा पुसल्या जातात.

घडण आणि निगा यांचा संबंध येथे अधिक खोल आहे. चांदीचा दागिना घडविताना तो वारंवार तापविला जातो आणि आम्लात, जुन्या पद्धतीत चिंचेच्या पाण्यात, उकळून स्वच्छ केला जातो. प्रत्येक खेपेस पृष्ठभागावरील तांब्याचे ऑक्साइड होते आणि ते आम्लात निघून जाते. परिणामी वरचा अत्यंत पातळ थर आतल्या धातूपेक्षा अधिक शुद्ध चांदीचा होतो. नव्या दागिन्याची शुभ्रता पुष्कळदा या थराची असते. जोरात घासल्याने तो गेला, की आतले तांबेमिश्रित अंग उघडे पडते आणि दागिना पूर्वीपेक्षा लवकर काळवंडतो. अधिक स्वच्छ करण्याच्या हट्टाने अधिक मळणे, हा विरोधाभास कारागिराला ठाऊक असतो. वापरणाऱ्यापर्यंत मात्र तो क्वचितच पोहोचतो.

अॅल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात चांदी ठेवण्याची पद्धत अलीकडे लोकप्रिय झाली आहे. तीत सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते, म्हणून धातूची झीज कमी होते. परंतु ज्या दागिन्यात नक्षीच्या खोलगट भागात कारागिराने मुद्दाम काळेपणा ठेवला असेल, त्यातील तो काळेपणाही या पद्धतीने निघून जातो आणि उठावाचे काम सपाट दिसू लागते. काळेपणा एका ठिकाणी कलंक आणि दुसऱ्या ठिकाणी रेखा असतो. कोणता काढावयाचा आणि कोणता ठेवावयाचा, हा निर्णय रसायनाचा नसून वाचनाचा आहे. निगा ही समीक्षेचीच एक व्यावहारिक शाखा आहे, असे म्हणण्यास म्हणूनच जागा आहे.

५. मोड आणि डागडुजी

बाजाराच्या भाषेत जुन्या धातूला 'मोड' म्हणतात. जुनी भांडी मोडीत घालून नवी घेणे, जुना दागिना आटवून नवा करणे, हा मराठी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. या व्यवहाराचा हिशेब पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. दागिना विकत घेताना धातूची किंमत आणि घडणावळ, दोन्ही मोजावी लागतात. मोडताना मात्र केवळ धातू मोजला जातो, तोही तूट वजा करून. घडणावळ शून्य होते. कारागिराने धातूवर केलेले काम, मग ते कितीही उत्तम असो, मुशीत पडताच हिशेबातून नाहीसे होते.

म्हणजे श्रमाचे मूल्य केवळ दागिना दागिना म्हणून टिकून असेपर्यंतच अस्तित्वात असते. आणि दागिना टिकतो तो निगा व डागडुजी यांमुळे. तुटलेल्या साखळीची कडी जोडणे, सैल झालेला फिरकीचा आटा नीट करणे, पैंजणाची गळलेली घुंगरे पुन्हा बसविणे, या कामांना मजुरी थोडी आणि प्रतिष्ठा त्याहून थोडी. परंतु पूर्वी कोणीतरी केलेल्या घडणीचे मूल्य त्यांच्यामुळेच वाचते. पटवेकऱ्याचे काम या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. सोनाराने घडविलेले मणी, पदके, पाने रेशमात किंवा सुतात ओवून त्यांना गळ्यावर बसणारा आकार देणे हे त्याचे काम. सूत झिजते, घामाने कुजते, म्हणून काही वर्षांनी दागिना पुन्हा गाठवून घ्यावा लागतो. ज्या दागिन्याच्या रचनेतच झिजणारा भाग बदलण्याची सोय आहे, त्याची कल्पना करणाऱ्याने वस्तूच्या भविष्याचाही विचार केलेला असतो. नव्या बनावटीच्या अनेक दागिन्यांत ही सोय नसते. मणी चिकटविलेले असतात, सांधे मुलाम्याखाली झाकलेले असतात. डाग द्यावयास गेले तर उष्णतेने मुलामा जळतो. असा दागिना एकदाच घडतो आणि एकदाच मोडतो.

भाव वाढले की मोडीचा ओघ वाढतो. २०२५ मध्ये चांदीने किलोला दीड लाख रुपयांची पातळी ओलांडली. अशा वेळी जुन्या तोरड्यांकडे कुटुंब संचित म्हणून पाहते आणि ते अस्वाभाविक नाही. अडीअडचणीला उपयोगी पडणे हे स्त्रीच्या दागिन्याचे एक मूळ प्रयोजनच होते. दिनकर गंगाधर केळकर यांनी पुण्यात आयुष्यभर खपून जमविलेला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेला संग्रह या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. दिवे, अडकित्ते, वज्री, भांडी अशा नित्य वापरातील वस्तूंना त्यांनी संग्रहयोग्य मानले. धातूच्या अशा वस्तूंची एरवीची वाट मोडीकडेच जाते. परंतु वस्तुसंग्रहालय दागिन्याला मुशीपासून वाचविते तसे अंगापासूनही दूर नेते. काचेआड त्याची झीज थांबते आणि डागडुजीचा प्रश्नही संपतो. संग्रहालय आणि मूस यांच्यामध्ये जी तिसरी वाट आहे, ती दुरुस्तीच्या दुकानावरून जाते.

६. एक मूलभूत आक्षेप

येथवरच्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे उचित नाही. दागिना टिकलाच पाहिजे असे का मानावे? डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात, हातागळ्यातील ज्या दागिन्यांमुळे त्यांची जात ओळखू येते ते टाकून द्यावेत असे आवाहन केले होते. तेथे दागिना हा शोभेचा विषय नव्हता, समाजाने अंगावर लादलेली ती खूण होती. तो उतरविणे ही मुक्तीची कृती होती. आज त्याच वळणाचे वजनदार दागिने 'लोककला' म्हणून प्रदर्शनांत मांडले जातात आणि शहरी ग्राहक ते हौसेने विकत घेतात. ज्यांना ते घालण्याची सक्ती कधीच नव्हती, त्यांनाच त्यांच्यातील साधेपणा मोहक वाटतो. परंपरेच्या नावाने हळहळणाऱ्या लेखनाने या इतिहासाकडे पाठ फिरविली आहे.

दुसऱ्या बाजूने, घडविणाऱ्याचाही प्रश्न आहे. तांबट, सोनार, पटवेकरी, कासार ही व्यवसायांची नावे तशीच जातींचीही नावे आहेत. कारागिराच्या मुलाने कारागीरच व्हावे, अशी अपेक्षा परंपरेच्या जतनाच्या भाषेत पुष्कळदा लपलेली असते. आणि निगेचे काम घरात कोणाच्या वाट्याला येते, हेही उघड आहे. सणापूर्वी चांदी-तांबे घासणारे हात बहुधा स्त्रियांचेच असतात आणि त्या श्रमाची कोठेच नोंद होत नाही.

या आक्षेपाने प्रस्तुत निकष बाद होत नाही, परंतु त्याची मर्यादा निश्चित होते. डागडुजीयोग्यता म्हणजे टिकविण्याची सक्ती नव्हे. ज्याला दागिना ठेवावयाचा आहे त्याला तो ठेवता यावा, ज्याला उतरवावयाचा आहे त्याला उतरविता यावा. मोडणे हा वापरणाऱ्याचा निर्णय असावा, वस्तूच्या कच्चेपणामुळे त्याच्यावर आलेली पाळी नसावी. तसेच जतन करावयाचे ते ज्ञान होय, जन्माने ठरलेली कामाची वाटणी नव्हे.

७. 'हस्तनिर्मित' या बिरुदाची चिकित्सा

स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम आणि पाणी तापविण्याची विजेची साधने आल्यावर हंडे-घंगाळांची मागणी ओसरली. गेल्या दोन दशकांत तांबट आळीतील कामाला नवे ग्राहक मिळवून देण्याचे काही प्रयत्न झाले; मठारकामाचा उपयोग शोभेच्या वस्तूंकडे आणि काही प्रमाणात कडी, कर्णभूषणे अशा अलंकारांकडेही वळला. हा बदल स्वागतार्ह आहे. पण त्याबरोबर 'हस्तनिर्मित' हा शब्द विक्रीचे बिरूद झाला आणि त्याचा अर्थ सैल झाला. पत्र्याचा प्राथमिक आकार यंत्रावर काढणे आणि त्यावर हाताने मठारकाम करणे, ही आज रूढ झालेली पद्धत आहे. ती सांगण्यात कमीपणा नाही. कारण शेवटचे, बळकटी देणारे काम हाताचेच असते. परंतु ठशाने ठोक्यांचा केवळ भास उमटवून तेच बिरूद लावले जाते तेव्हा फसवणूक होते. ठशाच्या खुणा ठराविक अंतराने हुबेहूब पुन्हा येतात. हाताच्या ठोक्यांत क्रम असतो, पुनरावृत्ती नसते. एवढे पाहण्याची सवय ग्राहकाला लागली तरी पुष्कळ काम होईल.

चांदीच्या बाबतीत शब्दांचा गोंधळ याहून अधिक आहे. तुळशीबागेसारख्या बाजारांत 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांत पुष्कळदा चांदी नसतेच. 'जर्मन सिल्व्हर' हे तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण होय. नावात चांदी असली तरी धातूत ती नाही, आणि निकेलमुळे काहींच्या त्वचेला त्रासही होतो. खऱ्या चांदीवर मुद्दाम आणलेला काळेपणाही रासायनिकदृष्ट्या ऑक्साइड नसून सल्फाइडच असतो. स्वस्त दागिना घेणे हा दोष नव्हे. ज्या तरुणींना चांदी परवडत नाही त्यांची हौस या बाजाराने भागविली आहे. दोष आहे तो नावात, कारण नाव चुकले की निगाही चुकते. मुलामा चढविलेल्या दागिन्याला चांदीसारखे घासले तर मुलामाच निघून जातो.

शासकीय प्रमाणनाने या गोंधळावर काही अंशी उपाय केला आहे. चांदीच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची ऐच्छिक योजना २००५ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून तिला प्रत्येक नगाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची जोड मिळाली. हा ग्राहकहिताचा मोठा टप्पा होय. तथापि हॉलमार्क ही धातूची साक्ष आहे, हाताची नव्हे. तो शुद्धता सांगतो. सांधा कसा दिला, कडी बंद केली की नुसती दाबली, दागिना पुन्हा उघडून दुरुस्त करता येईल की नाही, हे तो सांगू शकत नाही. ते सांगणे समीक्षेचे काम आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, हस्तनिर्मित अलंकाराची समीक्षा त्याच्या नावावर व रूपावर थांबता कामा नये. धातूवर झालेली क्रिया तिला वाचता आली पाहिजे. दुसरा असा की, घडण आणि निगा या दोन स्वतंत्र बाबी नाहीत. दागिना कसा घडला यावर त्याची निगा कशी राखावी हे अवलंबून असते, म्हणून निगेची माहिती देणे ही कारागिराच्या आणि विक्रेत्याच्या जबाबदारीची बाब होय. तिसरा असा की, मोडीच्या हिशेबात श्रमाला जागा नाही, ती केवळ डागडुजीत आहे. म्हणून दुरुस्त होऊ शकणारा दागिना हा दुरुस्त न होऊ शकणाऱ्या दागिन्यापेक्षा, इतर गुण समान असता, श्रेष्ठ मानला पाहिजे. चौथा असा की, हा निकष परंपरेच्या सक्तीसाठी वापरला जाऊ नये.

महाविद्यालयीन अभ्यासाच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी सल्फाइडचे समीकरण शिकतो, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मूल्यवृद्धीची व्याख्या पाठ करतो आणि मराठीचा विद्यार्थी शोभा व गुण यांतील भेद अभ्यासतो. तिघांच्याही घरात काळवंडलेले वाळे असू शकते, परंतु तिघांचे अभ्यासक्रम त्याच्यापाशी एकत्र येत नाहीत. कसबा पेठेतील तांबटांची दुकाने आणि शहरातील उरलेसुरले पटवेकरी यांच्या कामाची पद्धतशीर नोंद करणे, डाग देणे, ताव देणे, मठारणे, गाठवणे, आटवणे अशा क्रियापदांचा अर्थासह संग्रह करणे, हे या तिन्ही शाखांतील विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगे काम आहे. दागिन्यांच्या नावांचे कोश काही प्रमाणात झाले. क्रियापदांचा कोश अद्याप व्हावयाचा आहे. नावे वस्तूबरोबर संग्रहालयात जाऊन राहू शकतात, क्रियापदांना मात्र काम करणारे हातच लागतात.